रेसची जुनी गाडी घेताय-विकताय? प्रामाणिकपणा विकताना नाही, घेतानाच ठरतो



"सर, कमी भांडवलात जुन्या रेस बाईक आणि पार्टचा धंदा सुरू करता येईल का?" हा प्रश्न हल्ली वारंवार येतो. येणारच. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, आणि मातीवर गाडी उडवायचं वेड तरुणांमध्ये आणखी वाढलं. १९९६ साली बंद झालेल्या यामाहा आरएक्स १०० साठी आजही लोक शोधाशोध करतात. कुर्ला आणि पुण्याची नाना पेठ आपल्यापासून फार लांब नाहीत. मागणी आहे, माल आहे.

धंदा करता येईल, पण तो एकाच गोष्टीवर चालतो: तुमच्या शब्दावर. तो शब्द टिकवायचा कसा, हे आज हिशोबासकट बघू.

रेसचा माल वेगळा का?

आपल्या भिवंडीला सेकंडहँड मालाचं वावडं कधीच नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांनी काढलेले जुने माग इथे आले आणि त्यांवर कित्येक घरं उभी राहिली. पण माग जागेवर चालू करून दाखवता येतो. जॉबरला आवाजावरूनच अर्धी गोष्ट कळते.

रेसच्या गाडीचं तसं नाही. तिचा खरा दोष उभ्या गाडीत दिसत नाही, तो उडी मारून उतरताना किंवा वळणावर दिसतो. मोटोक्रॉसच्या गाडीचं आयुष्य किलोमीटरमध्ये नाही, इंजिनाच्या तासांत मोजतात. तासांचं मीटर नसेल, तर मालक सांगेल तेच खरं. टू-स्ट्रोक इंजिनाचे पोर्ट घासलेत का, हेड किती फेस केलंय, पिस्टन कितव्या ओव्हरसाइजचा आहे, हे इंजिन उघडल्याशिवाय कळत नाही. शिवाय घासलेला पोर्ट परत भरता येत नाही.

म्हणजे इथे तुम्ही लोखंड विकत नाही, गाडीचा इतिहास विकता. इतिहास खोटा निघाला, तर नुसते पैसे बुडत नाहीत. एखाद्याच्या पोराचं हाड मोडतं. कधी त्याहून वाईट.

खराब माल चांगल्या मालाला बाजारातून हाकलतो

बीबीएला शिकलेली एक गोष्ट मला दुकानात रोज उपयोगी पडते. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक लेख लिहिला. खराब निघालेल्या गाडीला अमेरिकेत बोलीभाषेत 'लेमन' म्हणतात, म्हणून तो लेख 'लेमन'च्या बाजाराचा लेख म्हणून ओळखला जातो. २००१ साली अकरलॉफ यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्यांचा मुद्दा आपल्या भाषेत सांगतो. समजा, दिसायला सारख्याच दोन गाड्या आहेत. एकीची खरी किंमत ९०,००० आणि दुसरीची ५०,०००. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही, म्हणून तो दोन्हींना मधला ७०,००० भाव लावतो. खराब गाडीवाला खुशीत विकून मोकळा होतो. चांगली गाडीवाला म्हणतो, "या भावात नाही परवडत," आणि गाडी घरी नेतो. बाजारात उरतो तो खराब माल. मग गिऱ्हाईक भाव आणखी पाडतो.

तुमच्यासाठी धडा असा: चांगला माल असून भागत नाही. तो चांगला आहे हे समोरच्याला तपासता आलं पाहिजे. जो हे करू शकतो, त्यालाच ९०,००० मिळतात.

कायदा कुठपर्यंत येतो?

"जसं आहे तसं, बघून घ्या, नंतर तक्रार चालणार नाही." ही पाटी बऱ्याच जणांना कवच वाटते. तिची ताकद किती आहे ते समजून घ्या.

१८७२ च्या करार कायद्यात कलम १७ आहे. त्यानुसार माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं ही फसवणूक आहे. चासीच्या तड्यावर पुटी मारून रंग देणं याच कलमात बसतं, तुमची पाटी तिथे उपयोगी पडत नाही. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात असंही आहे की नुसतं गप्प बसणं ही सहसा फसवणूक धरली जात नाही, बोलण्याचं कर्तव्यच असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणजे गिऱ्हाइकाने विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही, तर हे कलम बहुतेक वेळा तुम्हाला धरणार नाही. पण गिऱ्हाईक धरेल. रेसवाल्यांचं जग लहान आहे. सगळे त्याच ट्रॅकवर भेटतात, त्याच मेकॅनिककडे जातात. तिथे "त्याने सांगितलं नाही" आणि "त्याने फसवलं" या दोन्हींचा अर्थ एकच होतो.

घेताना काय तपासाल?

१. कागद. रस्त्यावरची गाडी असेल तर आरसीवरचा इंजिन आणि चासी नंबर प्रत्यक्ष पंचिंगशी जुळवा. नंबर घासलेला किंवा अक्षरं वाकडी वाटली, तर तिथूनच परत फिरा. कर्जाचा बोजा आणि विमा वाहन पोर्टलवर बघा. चोरीची नोंद आहे का, हे एनसीआरबीच्या ऑनलाइन सेवेवर तपासा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

२. आरसी नसलेली गाडी. कावासाकी केएक्ससारख्या मोटोक्रॉस गाड्या रस्त्यासाठी नसतातच, त्यामुळे आरसी नसणं हा दोष नाही. पण मग मूळ बिल आणि त्यावरचा फ्रेम नंबर हवाच. "बिल हरवलं" म्हणणाऱ्याकडून किमान ओळखपत्राची प्रत आणि सहीचं विक्रीपत्र घ्या. तेही देत नसेल, तर गाडी कितीही स्वस्त असो, सोडा.

३. पडल्याच्या खुणा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून स्टॉपर बघा, चेपलेला असेल तर गाडी जोरात पडलीय. स्टिअरिंग हेडच्या वेल्डिंगजवळ रंगाला बारीक तडे आहेत का? फोर्कचा पाइप सपाट काचेवर गडगडवा, वाकलेला असेल तर लगेच दिसतो.

४. नाव बदलणं. फॉर्म २९ आणि ३० नुसते सही करून खिशात ठेवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव, तोच मालक. हाच धंदा नियमित करणार असाल, तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, तेही काढा.

आता अवघड प्रश्न. गावाकडे कुणाच्या गोठ्यात आजोबांची राजदूत ३५० उभी आहे. नातू भंगाराच्या भावात द्यायला तयार आहे, त्याला किंमत माहीत नाही. सांगायचं की नाही? वर बघितलंच, कायदा बहुधा काही म्हणणार नाही. माझं मत: सांगा. "दादा, ही दुरुस्त होऊन इतक्याला जाते. मला खर्च इतका येईल आणि यात इतके सुटले पाहिजेत. म्हणून मी तुम्हाला इतके देतो." नफा उघड सांगून घेता येतो. नातवाला खरा भाव उद्या कळणारच आहे. त्या दिवशी तो तुमच्याबद्दल गावात काय बोलेल, ते तुम्ही आज ठरवताय.

विकताना: दोषपत्रक

एका कागदावर गाडीबद्दल चार गोष्टी लिहा: काय बदललंय, काय दुरुस्त केलंय, काय खराब आहे, आणि काय मला माहीत नाही. चौथा रकाना सर्वात महत्त्वाचा. "इंजिन उघडलेलं नाही, आतली स्थिती सांगू शकत नाही" असं लिहिणारा दुकानदार बाकीच्या तीन रकान्यांतही खरंच लिहीत असणार, असं गिऱ्हाईक मनाशी धरतं. दोन प्रती काढा, दोघांच्या सह्या घ्या. दोषाचे फोटो आधी पाठवा, चकचकीत टाकीचे नंतर. गिऱ्हाइकाला त्याचा मेकॅनिक आणू द्या.

आणि काही वस्तू विकायच्याच नाहीत. पडलेलं हेल्मेट बाहेरून नवं दिसतं, पण आतला थर्मोकोलसारखा थर एकदाच मार खातो. न पडलेलं हेल्मेटही पाच वर्षांनी बदलावं, असं स्नेल फाउंडेशन सांगतं. रॅलीच्या गाडीतल्या एफआयए ८८५५-१९९९ मानकाच्या सीटची मुदत पाच वर्षं असते, आणि पट्ट्यांच्या लेबलवर वर्ष छापलेलं असतं. मुदत संपलेला पट्टा कापून कचऱ्यात टाका. तुम्ही नुसता बाजूला ठेवलात, तर उद्या दुकानातला पोरगा तो विकेल.

आता हिशोब

समजा, तुम्ही एक मोटोक्रॉस गाडी २,१०,००० ला घेतली आणि १५,००० खर्च केले. एकूण २,२५,०००. साफ करताना स्टिअरिंग हेडला तडा दिसला. पुटी मारली तर गाडी २,८०,००० ला जाईल. खरं करायचं तर फ्रेम भंगारात आणि बाकीचे पार्ट सुटे विकायचे: इंजिन १,१०,०००, सस्पेन्शन ४५,०००, चाकं २५,००० आणि इतर २०,०००. झाले २,००,०००. म्हणजे २५,००० चा घाटा.

इथे माणूस घसरतो. तो लबाड असतो म्हणून नाही. पैसे व्याजाने आणलेले असतात, गाडी महाग घेतलेली असते, महिन्याचा हप्ता डोक्यावर असतो. खरं बोलणं त्याला परवडत नाही.

म्हणून तीन नियम आजच लिहून ठेवा:

- उसन्या पैशाने जुनी रेस गाडी घेऊ नका.
- भाव ठरवताना गाडी सुटी विकली तर किती येतील, तो आकडा आधी काढा. त्याच्या फार वर जाऊ नका. वरच्या उदाहरणात हा आकडा २,००,००० होता, आणि घाट्याचं बी तिथेच पेरलं गेलं.
- प्रत्येक सौद्यातून थोडी रक्कम 'दोष निधी' म्हणून वेगळी ठेवा. दहा चांगले सौदे मिळून एका खराब गाडीचा भार उचलतील.

खरं बोलण्याची ताकद स्वभावातून येते, तशीच गल्ल्यातूनही येते. त्या ताकदीची तजवीज घेतानाच करून ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्याकडची कोणतीही एक जुनी वस्तू घ्या. बाईक असो, मोबाईल असो, शिलाई मशीन असो. तिचं चार रकान्यांचं दोषपत्रक लिहा आणि ते वाचून तुम्ही स्वतः किती पैसे द्याल ते खाली लिहा. तोच तुमचा खरा भाव.

भेटू पुढच्या भागात. धंदा करा, डोळे उघडे ठेवून करा!