स्पेक रेसिंग: बदल किती आणि कशासाठी

स्पेक रेसिंग म्हणजे गाडीत हवे ते बदल करून ती पळवणे, असा समज सर्रास आढळतो. खरे तर नियमपुस्तकात परवानगी दिलेले बदलच तिथे चालतात. ज्याचा उल्लेख नाही, ते निषिद्ध. अमेरिकेतला ‘स्पेक मियाटा’ वर्ग पाहा. १९९० ते २००५ या काळातली माझदा मियाटा घ्यायची, आतली सजावट काढायची, रोल केज (चालकाभोवतीचा पोलादी नळ्यांचा पिंजरा) बसवायचा. स्प्रिंगा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि टायर मात्र ठरवून दिलेलेच. पाककला स्पर्धेत सगळ्यांना एकच शिधा मोजून द्यावा, तसे हे.

मग कौशल्याला वाव कुठे, असा आक्षेप येतो. वाव भरपूर आहे. कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेशी असलेला कल), गाडीची जमिनीपासूनची उंची, टायरमधली हवा हे सारे चौकटीत राहून जुळवता येते आणि वळणावर त्याचा फरक लगेच कळतो. १.६ आणि १.८ लिटरची इंजिने एकत्र धावतात. म्हणून काहींना रिस्ट्रिक्टर (इंजिनात शिरणारी हवा मर्यादित करणारी भोकाची पट्टी) लावतात आणि चालकासह किमान वजनही वेगवेगळे ठरवतात. तरी पैशाचे वजन पुरते जात नाही: नियम पाळूनही इंजिन फार काटेकोर बांधता येते, आणि ते महाग पडते. म्हणूनच हा काटेकोरपणा नियमाची रेषा ओलांडत नाही ना, हे पाहणारी शर्यतीनंतरची तांत्रिक तपासणी मला नियमांइतकीच महत्त्वाची वाटते.