चाकांवरचे घर

वाचकहो, "अंथरूण पाहून पाय पसरावेत" ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. तिचा खरा अर्थ मला उतारवयात, लंडनच्या वायव्य टोकाला असलेल्या स्टॅनमोर गावी कळला.

माझी बहीण तरुणपणी आपल्या बेटावरून परिचारिका म्हणून इंग्लंडला गेली व तेथेच राहिली. गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेलो. धाकटा भाचा घरात दिसेना. "तो मागे अंगणात राहतो," बहीण म्हणाली. घर लहान, त्यात थोरल्याचा संसार, आणि लंडनचे भाडे परवडणारे नाही. म्हणून धाकट्याने एक जुनी कॅम्पर गाडी घेऊन तिचेच घर केले आहे. तिला ना विजेची तार, ना नळ.

इंग्लंडात अशा गाड्या नव्या नाहीत. फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीने १९५० नंतरच्या दशकात बेडफर्ड व्हॅनच्या 'डॉर्मोबाईल' केल्या. त्या होत्या सुट्टीच्या सहलीसाठी. जानेवारीत अशा गाडीत राहणे निराळे.

"मामा, पहिल्या वर्षी मी चुकलो," भाचा म्हणाला. त्याने पत्रा आणि लाकडी फळ्या यांच्यामध्ये लोकर ठासून भरली व आत गॅसची शेगडी पेटवली. काही आठवड्यांनी फळ्या उघडल्या तर लोकर ओलीचिंब आणि पत्र्याला गंज! सगळी मेहनत वाया गेली.

पाणी आले कोठून? आपल्या श्वासातून आणि शेगडीतून. १ किलो प्रोपेन गॅस जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन हवेत मिसळते. आपल्याकडे थंड पाण्याच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात, तसेच त्या वाफेचे थंड पत्र्यावर दव होते.

दुसऱ्या वर्षी त्याने सारे काढून टाकले. गंज खरवडला, रंग दिला. मग पाणी न शोषणारे फोमचे तक्ते पत्र्याला फट न ठेवता चिकटवले. पत्र्याच्या उघड्या पट्ट्याही झाकल्या, कारण लोखंडातून थंडी सरळ आत येते. सांधे चिकटपट्टीने बंद केले. जमीन, छत, खिडक्या काहीच सोडले नाही. एवढे करून छताचा झरोका मात्र तो थोडा उघडा ठेवतो.

"ऊब हवी आणि झरोका उघडा?" मी विचारले.

"वाफ बाहेर गेली नाही तर घर कुजते, मामा. आणि हवा आली नाही तर माणूस मरतो."

हे अक्षरशः खरे आहे. कार्बन मोनॉक्साईड वायूला रंग नाही, वास नाही. बंद गाडीत कोळसे पेटवून झोपलेली माणसे पुन्हा उठलेली नाहीत. म्हणून भाच्याने धूर बाहेर सोडणारा डिझेलचा हीटर बसवला असून उशाशी त्या वायूची सूचना देणारी घंटा लावली आहे.

आता विजेचे. २१ डिसेंबरला दुपारी स्टॅनमोरचा सूर्य क्षितिजावर जेमतेम १५ अंश चढतो. आपल्याकडे ऐन हिवाळ्यात, जूनमध्येही तो ४६ अंशांवर असतो. त्यामुळे छतावरच्या सौर पट्ट्या तेव्हा फार थोडे देतात. त्याची बॅटरी १२ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-तासांची, शिशाची आहे. तिची निम्मीच वीज वापरावी, म्हणजे ६०० वॉट-तास. तिच्यावर १० वॉटचा दिवा ६० तास जळेल. २००० वॉटची विजेची किटली मात्र १८ मिनिटांत तेवढी सगळी संपवील! म्हणून चहा गॅसवर, आणि त्या वेळी झरोका पूर्ण उघडा.

गाडी सहसा हलत नाही. २९ ऑगस्ट २०२३ पासून धुराचा कर साऱ्या लंडनला, म्हणजे स्टॅनमोरलाही, लागू झाला. तिच्यासारखी जुनी डिझेल गाडी रस्त्यावर आणली की दिवसाला साडेबारा पौंड.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची मुले विलायतेत आहेत. कोणी असे घर करू म्हणाला तर त्याला हसू नका. क्रम तेवढा सांगा. आधी गंज आणि ओल, मग हवा, मग ऊब, शेवटी वीज. चक्रीवादळात तारा तुटल्यावर दिवे आणि बॅटरीचा हिशेब आपल्यालाही करावाच लागतो. तो आधी केलेला बरा.

निघताना बहीण म्हणाली, "पोराचे घर लहान आहे, पण यंदा कोरडे आहे." आईला आणखी काय हवे?