इलेक्ट्रॉनिक तंबोरा

इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा हे तंबोऱ्याच्या अखंड नादाची प्रतिकृती निर्माण करणारे विद्युत-उपकरण आहे. हिंदुस्तानी व कर्नाटक संगीताच्या रियाजात, शिकवणीत आणि मैफलीत त्याचा वापर होतो. सुरुवातीला ते लहान पेटीच्या स्वरूपात मिळत असे. आता मोबाइलवरील उपयोजनांच्या रूपातही ते सर्वत्र उपलब्ध आहे. या उपकरणाचा कस स्वर अचूक असण्यावर जितका लागतो, तितकाच जवारीचा जिवंतपणा त्यात किती उतरला आहे यावर लागतो.

मूळ वाद्य आणि जवारी

तंबोऱ्याला सामान्यतः चार तारा असतात. पहिली तार पंचमात, आणि रागात पंचम वर्ज्य असल्यास मध्यमात किंवा निषादात लावतात. मधल्या दोन तारांना जोड म्हणतात. त्या षड्जात असतात. चौथी तार खर्जाची, म्हणजे मंद्र षड्जाची. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट नसून किंचित उतरता व वक्र असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवून योग्य जागी आणला की तार घोडीच्या माथ्याला पुन्हा पुन्हा स्पर्श करीत कंप पावते आणि तिच्यातून उपस्वरांचा झळाळता प्रवाह बाहेर पडतो. यालाच जवारी म्हणतात.

जवारीमागील भौतिकशास्त्राकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये लक्ष वेधले. यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार, तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्या उपस्वरांचा निश्चल बिंदू येतो ते उपस्वर ऐकू येऊ नयेत. तंबोऱ्यात मात्र तेही ऐकू येतात. घोडीच्या वक्र माथ्याशी तारेचा होणारा सततचा स्पर्श हे त्याचे कारण होय.

खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा ‘स्वयंभू गंधार’ हा अशाच उपस्वरांपैकी एक आहे. तो मूळ स्वराचा पाचवा उपस्वर असून षड्जाशी त्याचे गुणोत्तर ५:४ असते. सप्तकाचे १२०० सेंट मानल्यास हा गंधार ३८६ सेंटवर येतो. समान अंतराने लावलेल्या पेटीचा गंधार ४०० सेंटवर असतो. म्हणून पेटीच्या आधारे गाणारा आणि तंबोऱ्याच्या आधारे गाणारा यांचा गंधार बारकाईने ऐकल्यास वेगळा जाणवतो. कानाची तयारी तंबोऱ्यावर व्हावी असा आग्रह धरला जातो, तो यामुळेच.

इतिहास

इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या प्रसारात बंगळूरचे बासरीवादक व अभियंता जी. राज नारायण यांचे कार्य महत्त्वाचे मानले जाते. त्यांच्या ‘रॅडेल’ या संस्थेने १९७९ पासून या प्रकारची उपकरणे विकसित केली. प्रवासात जपावे लागणारे, हवामानाने उतरणारे मोठे वाद्य नेण्यापेक्षा पिशवीत मावणारी पेटी सोयीची होती. शिवाय तंबोरा छेडण्यासाठी दुसरी व्यक्ती नसली, तरी विद्यार्थ्याला एकट्याने रियाज करता येऊ लागला. त्यामुळे घरोघरी तिचा स्वीकार झाला.

कार्यपद्धती

या उपकरणांत नादनिर्मितीच्या प्रामुख्याने तीन पद्धती आढळतात.

पहिल्या पद्धतीत विद्युत-मंडल अपेक्षित वारंवारितेचा स्वर तयार करते आणि तो ठरावीक क्रमाने उमटून विरत जातो. स्वर स्थिर राहतो, परंतु जवारी क्षीण असते.

दुसऱ्या पद्धतीत प्रत्यक्ष तंबोऱ्याच्या तारांचे ध्वनिमुद्रण साठवून तेच वाजवले जाते. यातील अडचण पट्टी बदलताना दिसते. मुद्रित ध्वनी केवळ वेग वाढवून वर चढवला, तर तारेच्या स्वराबरोबर भोपळ्याचा अनुनादही वर सरकतो आणि वाद्य अचानक लहान झाल्यासारखे वाटते. म्हणून वेगवेगळ्या पट्ट्यांसाठी वेगळी ध्वनिमुद्रणे वापरणे श्रेयस्कर ठरते. एकच लहान तुकडा पुन्हा पुन्हा वाजत असल्यास कान तो काही मिनिटांत ओळखतो.

तिसऱ्या पद्धतीत ध्वनी साठवला जात नाही. तार, दोरा आणि घोडी यांच्या परस्परक्रियेची गणिती समीकरणे संगणक सोडवतो. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये तंबोऱ्याचे असे प्रतिमान मांडले. यात दोऱ्याची जागा बदलण्याचा परिणामही अजमावता येतो.

विद्युत गिटारशी साम्य

याच प्रकारचा प्रश्न विद्युत गिटारच्या क्षेत्रातही उभा राहिला. निर्वात नळ्यांचे ध्वनिवर्धक मोठ्या आवाजात स्वराला जी खरखरीत ऊब देतात, ती मूळ स्वरात नसलेल्या उपस्वरांची भर असते. जपानच्या रोलँड कंपनीने १९९५ मध्ये ‘व्हीजी-८’ आणि अमेरिकेच्या लाइन सिक्स कंपनीने १९९८ मध्ये ‘पॉड’ ही उपकरणे आणून या ध्वनिवर्धकांचे डिजिटल अनुकरण लोकप्रिय केले. २०११ च्या सुमारास आलेल्या जर्मन ‘केंपर’ उपकरणाने प्रत्यक्ष ध्वनिवर्धकाचे मापन करून त्याची प्रतिकृती घेण्याची सोय दिली.

गिटारवादकांना या उपकरणांतून आलेला एक अनुभव तंबोऱ्यालाही लागू पडतो. गिटारच्या ध्वनिवर्धकातील कर्णा सुमारे ५००० हर्ट्झच्या वरचा ध्वनी बराचसा दाबून टाकतो. त्या कर्ण्याचे अनुकरण वगळून केवळ नळ्यांचे अनुकरण ऐकले, तर नाद कर्कश लागतो. तंबोऱ्यातही तारेइतकाच भोपळा, तबली आणि दांडी यांचा नादात वाटा असतो. साखळीतील एक दुवा निखळला की उरलेले दुवे कितीही अचूक असोत, नाद परका वाटतो.

नादाचा दर्जा ठरवणारे घटक

ध्वनिवर्धक: काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ आणि खर्ज सुमारे ६९ हर्ट्झ असतो. मोबाइलमधील लहान कर्ण्यातून एवढा खालचा स्वर जवळजवळ बाहेर पडतच नाही. उपस्वरांवरून मेंदू मूळ स्वराचा अंदाज बांधतो, त्यामुळे खर्ज ‘ऐकू आल्यासारखा’ वाटतो; त्याचा आधार मात्र मिळत नाही. तेच उपयोजन मोठ्या कर्ण्याला जोडल्यास नादात लक्षणीय फरक पडतो.

आवाजाची पातळी: हार्वे फ्लेचर आणि विल्डेन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की कमी आवाजात मानवी कानाला खालचे स्वर अधिकच मंद ऐकू येतात. घरी हळू आवाजात बसवलेला तंबोरा सभागृहात मोठा केल्यावर घुमणारा वाटतो, तो यामुळेच. नादाची जुळवणी ज्या पातळीवर ऐकायचा आहे त्याच पातळीवर करणे इष्ट असते. तंबोरा गायकाच्या आवाजाखाली राहावा, त्याला झाकू नये, असा संकेत आहे.

जुळवणी: अनेक उपकरणांत प्रत्येक तारेचा स्वर स्वतंत्रपणे थोडा चढवता-उतरवता येतो. जोडाच्या दोन तारा तंतोतंत एकरूप केल्यास नाद निर्जीव वाटू शकतो. खऱ्या वाद्यात त्यांच्यातील अत्यल्प फरकामुळे संथ हेलकावे निर्माण होतात. हा फरक वाढला, तर मात्र तंबोरा बेसूर ठरतो.

छेडण्याची गती: एका तारेचा नाद ओसरण्यापूर्वी पुढची तार वाजली पाहिजे, म्हणजे चारही तारांचे नाद एकमेकांत मिसळतात. गती फार वाढवल्यास उपस्वर उमलण्यास अवधी मिळत नाही आणि केवळ ठोके जाणवतात.

मर्यादा

उपकरणातील स्वर कळ दाबताच लागतो; खुंटी पिळणे, मणी सरकवणे आणि दोऱ्याची जागा शोधणे हे श्रम त्यात नाहीत. सोयीचे हे गमक असले, तरी शिक्षणाच्या दृष्टीने तीच मुख्य त्रुटी मानली जाते. तंबोरा लावताना विद्यार्थी दोन स्वरांमधील ताण आणि त्यांचे मिळून जाणे अनुभवतो. तयार स्वर मिळणाऱ्याला तो सराव होत नाही. मैफलीत आजही गायकाच्या मागे दोन तंबोरे ठेवण्याची प्रथा असून इलेक्ट्रॉनिक तंबोरा बहुधा त्यांच्या जोडीला असतो.

मिरजेचा व्यवसाय

तंबोऱ्याच्या निर्मितीसाठी कोल्हापूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेले मिरज प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील कारागीर येथे तंतुवाद्यनिर्मितीकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव या परंपरेच्या आरंभी घेतले जाते. वाद्यांसाठी लागणारे मोठे भोपळे पंढरपूर परिसरातून येतात. कोल्हापूर दरबारी असलेले अल्लादिया खाँ आणि मिरजेत वास्तव्य केलेले अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकांमुळे या भागात उत्तम वाद्यांना जाणकार गिऱ्हाईक लाभले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

नित्याच्या रियाजासाठी विद्यार्थी स्वस्त उपकरण किंवा मोबाइलवरील उपयोजन पसंत करू लागल्याने कारागिरांपुढे आव्हान उभे राहिले आहे. तरीही ध्वनिमुद्रणावर आधारलेल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या मुळाशी कोणा कारागिराने घडवलेले एखादे वाद्य असतेच. घोडी झिजली की तिचा माथा घासून जवारी पुन्हा काढावी लागते. हे काम डोळ्यांपेक्षा कानाने होते आणि त्यासाठी वर्षानुवर्षांचा सराव लागतो. ती जवारी काढणारा हात टिकला, तरच प्रतिकृती कशाची करायची हे पुढील पिढ्यांना ठाऊक राहील.