वैद्यांचे आंतरजालावरील मूलस्थान

चरकाचार्यांनी विमानस्थानात प्रत्येक स्रोतसाचे मूल सांगितले आहे. मूल दुष्ट झाले की सारे स्रोतस बिघडते, हे आपण जाणतोच. आज आपल्यापैकी पुष्कळ वैद्य व औषधालयचालक आंतरजालावर विखुरलेले आहेत. चिकित्सालयाची वेळ एका ठिकाणी, पथ्याची माहिती दुसरीकडे, पत्ता तिसरीकडे. स्रोतसे अनेक, मूल मात्र नाही.

शिवाय ही ठिकाणे परक्यांच्या मालकीची असतात. गूगलने ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये आणि गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये बंद केले. म्हणून प्रत्येक वैद्याचे स्वतःच्या नावाचे एक संकेतस्थळ असावे आणि अन्य सर्व ठिकाणांहून रुग्णास तेथेच आणावे, असे आमचे मत आहे.

संकेतस्थळाचे दोन भाग ध्यानात घ्यावेत. मजकूर ज्या संगणकावर राहतो ती जागा, म्हणजे होस्टिंग. आणि पत्ता, म्हणजे डोमेन. जागा केव्हाही बदलता येते, पत्ता तोच राहतो. मात्र हा पत्ता कायमचा विकत मिळत नाही. तो मुदतीने नोंदवावा लागतो. एका वेळी अधिकाधिक दहा वर्षांसाठी. नूतनीकरण चुकल्यास कालांतराने तो अन्य कोणीही घेऊ शकतो.

याचा अनुभव आम्ही घेतला आहे. आमचे संकेतस्थळ एका होतकरू तरुणाने करून दिले होते. डोमेनची नोंदणी त्याच्याच नावे व त्याच्याच ईमेलवर होती. तो परगावी गेला, नूतनीकरणाच्या सूचना आमच्यापर्यंत आल्याच नाहीत. पुढे एका जुन्या रुग्णाने विचारले, “वैद्यराज, आपण शक्तिवर्धक गोळ्या केव्हापासून विकू लागलात?” आमच्या चिठ्ठ्यांवर छापलेल्या पत्त्यावर कोणा परक्याची जाहिरात झळकत होती! हजारो चिठ्ठ्या रुग्णांच्या घरी होत्या. त्या परत कशा मागवायच्या?

तात्पर्य, नोंदणी स्वतःच्याच नावे, स्वतःच्या ईमेलवर करावी. परवलीचा शब्द घरातील एका विश्वासू व्यक्तीस ठाऊक असावा. मजकुराची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

संकेतस्थळावर नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, वेळा व पत्ता द्यावा; औषधालयाने परवाना क्रमांक द्यावा. वेळ बदलल्यास प्रथम येथे बदलावी. रुग्णाचे छायाचित्र वा वृत्त त्याच्या संमतीवाचून देऊ नये. मधुमेहादी व्याधी बरे करण्याचे दावे करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींस १९५४ च्या कायद्याने प्रतिबंध आहे, याचेही भान ठेवावे.

रुग्ण आपल्या नावावर विश्वासून येतो. ते नाव आपल्याच हाती असावे, एवढीच वैद्यबंधूंना विनंती.