रुग्णांची उत्तरे आणि सरासरीचा आकडा

आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य होय, ही भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ साली अमलात आलेल्या आपल्या घटनेत मांडली. साहजिकच उपचाराचे यश केवळ रक्ततपासणी किंवा क्ष-किरण चित्र यांवरून ठरविता येत नाही. चालताना धाप लागते काय, स्वतः स्नान करता येते काय, वेदना किती आहेत, मन उदास असते काय, हे रुग्णच सांगू शकतो. त्याचे हे सांगणे नोंदविण्यासाठी अनेक प्रश्नावल्या तयार झाल्या आहेत. परंतु उत्तरे गोळा करण्यापेक्षा त्यांचे सार काढणे अधिक अवघड आहे.

क्रम म्हणजे माप नव्हे

युरोपातील कर्करोग संशोधन व उपचार संघटनेची ३० प्रश्नांची प्रश्नावली १९९३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील बहुतेक प्रश्नांना ‘मुळीच नाही’, ‘थोडे’, ‘बरेच’ व ‘अतिशय’ अशी चार उत्तरे असून त्यांना १ ते ४ अंक दिले जातात. पुढे त्यांचे ० ते १०० गुणांत रूपांतर होते. येथेच पहिली अडचण उद्भवते. वर्गातील पहिल्या व दुसऱ्या विद्यार्थ्यात एका गुणाचे, तर दुसऱ्या व तिसऱ्यात वीस गुणांचे अंतर असू शकते. क्रमांकांवरून ते कळत नाही. तद्वतच ‘थोडे’ व ‘बरेच’ यांतील अंतर ‘बरेच’ व ‘अतिशय’ यांतील अंतराइतकेच असेल, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून सरासरीबरोबरच प्रत्येक पायरीवर किती रुग्ण आहेत, हेही देणे इष्ट ठरते.

सरासरीआड दडलेले रुग्ण

समजा, दहा रुग्णांपैकी पाच जणांचे गुण २० ने वाढले व पाच जणांचे २० ने घटले. सरासरी बदल शून्य येईल आणि उपचाराचा काहीच परिणाम झाला नाही, असा चुकीचा निष्कर्ष निघेल. वस्तुतः दहाही जणांच्या जीवनात फरक पडलेला आहे. याउलट, रुग्णसंख्या मोठी असल्यास दोन गुणांचा फरकही सांख्यिकीच्या कसोटीस उतरतो. रुग्णास मात्र तो जाणवेलच असे नाही. उपरोक्त प्रश्नावलीबाबत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५ ते १० गुणांचा बदल रुग्णांना थोडा, १० ते २० गुणांचा मध्यम, तर २० हून अधिक गुणांचा मोठा वाटल्याचे आढळले.

न आलेली उत्तरे

सर्वांत गंभीर अडचण न आलेल्या उत्तरांची आहे. उदाहरणादाखल, दहा रुग्णांपैकी सात जणांचे गुण ६० व तीन जणांचे २० आहेत, असे मानू. सरासरी ४८ होईल. सहा महिन्यांनी ते तिघे अत्यवस्थ झाले अथवा मरण पावले. उरलेल्या सात जणांचे गुण ६० च राहिले. आता सरासरी ६० येते. एकाही रुग्णास बरे वाटलेले नसताना आकडा १२ ने वाढला! कोरा राहिलेला कागद बहुधा अधिक पीडित रुग्णाचा असतो. तो वगळला की दुःखही हिशेबातून वगळले जाते.

एकच आकडा पुरेल काय?

युरोक्वॉल या गटाच्या प्रश्नावलीत हिंडणे-फिरणे, स्वतःची निगा, नित्याची कामे, वेदना आणि चिंता वा खिन्नता ही पाच अंगे आहेत. प्रत्येकास पाच पायऱ्या धरल्यास ३,१२५ अवस्था संभवतात. या प्रत्येक अवस्थेस एक मूल्य देतात. पूर्ण आरोग्यास १ व मृत्यूस ०. हे मूल्य लोकांच्या पसंतीवरून ठरते व ती देशागणिक बदलते. म्हणूनच भारतीय नागरिकांच्या मतांवर आधारलेला मूल्यसंच २०२२ साली प्रसिद्ध झाला. एकत्रित आकडा खर्चाच्या निर्णयास उपयोगी पडतो. परंतु वेदना कमी झाल्या आणि चिंता वाढली, ही गोष्ट त्यात दिसत नाही.

दक्षता कोणती घ्यावी?

अहवाल लिहिताना किती रुग्णांना विचारले, किती जणांनी उत्तरे दिली, उरलेल्यांनी ती का दिली नाहीत आणि त्यांपैकी किती मरण पावले, हे प्रत्येक टप्प्यास स्पष्ट नमूद करावे. किती गुणांचा बदल महत्त्वाचा मानावयाचा, हे आधीच ठरवावे आणि तेवढी सुधारणा किंवा घसरण किती जणांत झाली, ते सांगावे. निरक्षर रुग्णास प्रश्न वाचून दाखविणाऱ्याने उत्तर सुचवू नये. घरच्या माणसाने उत्तर दिले असल्यास तशी नोंद करावी. ग्रामस्थांनीही संकोच न बाळगता, बरे वाटत नसेल तर तसेच सांगावे. कोणत्या उपचारावर सार्वजनिक पैसा खर्च व्हावा, याचा निर्णय अशा उत्तरांच्या आधारे होऊ शकतो. हा आधार खरा ठेवण्याची जबाबदारी विचारणारा, सांगणारा व हिशेब मांडणारा या तिघांचीही आहे.