दुखावलेला घोटा आणि समुद्रपर्यटन : जहाजावर पाऊल ठेवण्यापूर्वी

समुद्रपर्यटनाचे आरक्षण बहुधा काही महिने आधी केलेले असते. घोटा मात्र एका क्षणात मुरगळतो. जिन्याची शेवटची पायरी चुकते किंवा ओल्या फरशीवर पाय घसरतो, आणि पैसे भरून, रजा मंजूर करून घेऊन, सर्व कुटुंबाने मिळून ठरवलेला प्रवास अनिश्चित होऊन बसतो. अशा वेळी रुग्ण अस्थिरोगतज्ज्ञांना एकच प्रश्न विचारतो : ‘मी प्रवास करू शकेन ना?’ उत्तर पुष्कळदा होकारार्थी येते. परंतु हा प्रश्नच अपुरा असतो. घोटा घरातल्या घरात चालण्याइतका बरा होणे आणि जहाजावर वावरण्याइतका बरा होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काही वर्षांपूर्वीपर्यंत हा प्रश्न मोजक्याच मराठी प्रवाशांपुढे येत असे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे पर्यटन जहाज सुरू झाले. ते पुढे बंद पडले. परंतु सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणाऱ्या मोठ्या जहाजाच्या फेऱ्या सुरू झाल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई बंदरातील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. सिंगापूरला किंवा भूमध्य समुद्राच्या काठी विमानाने जाऊन तेथून जहाजात बसणाऱ्यांची संख्याही लहान नाही. त्यात निवृत्त मातापित्यांना सोबत नेणारी कुटुंबे असतात, आणि वाढत्या वयात घोट्याची दुखापत भरून यायला अधिक काळ लागतो. म्हणूनच या विषयाची नीट माहिती असणे आवश्यक ठरते.

हाड जुळणे आणि पाय सावरणे

घोट्याचा सांधा नडगीचे हाड, तिच्या बाजूचे बारीक हाड आणि टाचेच्या वरचे हाड यांनी बनलेला असतो. या हाडांना चिवट अस्थिबंध एकत्र बांधून ठेवतात. पाय आत वळून मुरगळतो तेव्हा बहुधा बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात किंवा फाटतात. सौम्य मुरगळ साधारणपणे एक ते तीन आठवड्यांत आटोक्यात येते. अस्थिबंध पूर्ण फाटले असतील तर काही महिने लागू शकतात. हाड मोडले असल्यास ते जुळून येण्यास सुमारे सहा आठवडे लागतात आणि पुरेशी बळकटी येण्यास तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ जातो. सूज तर त्यानंतरही कित्येक महिने संध्याकाळी डोके वर काढते.

मात्र हाड जुळले म्हणजे पाय सावरला असे नव्हे. अस्थिबंधांमध्ये सूक्ष्म चेतातंतूंची टोके असतात. पाऊल कोणत्या कोनात आहे आणि शरीराचा भार कुठे पडत आहे, याची वार्ता ती मेंदूला सतत पोहोचवीत असतात. डोळे मिटूनही आपल्याला पाय कुठे आहे हे कळते ते यामुळेच. दुखापतीत ही यंत्रणाही बिघडते, आणि क्ष-किरण चित्रात हाड पूर्ण जुळलेले दिसत असले तरी तिची उणीव त्यात दिसत नाही. प्लास्टर काढल्यानंतर भौतिकोपचारतज्ज्ञ एका पायावर उभे राहण्याचे किंवा मऊ उशीवर तोल सांभाळण्याचे व्यायाम देतात, ते ही यंत्रणा पुन्हा जागी करण्यासाठीच.

हलत्या जमिनीवरचा तोल

नेमकी हीच यंत्रणा जहाजावर कसोटीला लागते. आधुनिक जहाजांच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखांसारखी रचना असते, त्यामुळे जहाजाचे डावी-उजवीकडे डोलणे पुष्कळ कमी होते. पुढे-मागे होणारी हालचाल मात्र त्यांनी फारशी थांबत नाही. निरोगी पाय अशा हालचालीला नकळत उत्तर देतो. दुखावलेल्या पायाचे उत्तर क्षणभर उशिरा येते, आणि पुन्हा मुरगळण्यास तो क्षण पुरेसा असतो.

खोली निवडताना या गोष्टीचा विचार करावा. जहाजाच्या लांबीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर हालचाल सर्वांत कमी जाणवते. ऋतूचाही विचार करावा. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात अरबी समुद्र खवळलेला असतो. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत तो पुष्कळ शांत असतो. जहाज लागू नये म्हणून अनेक जण प्रोमेथॅझिनची गोळी घेतात. या गोळीने गुंगी येते. काही वेदनाशामक औषधांनीही येते. दोन्ही एकत्र घेऊन कुबड्यांवर चालणे धोक्याचे असल्याने कोणत्या गोळ्या सोबत घ्याव्यात, हे डॉक्टरांकडून निघण्यापूर्वीच लिहून घ्यावे.

बंदरापर्यंतचा प्रवास

ज्यांचे जहाज परदेशातील बंदरातून सुटते, त्यांची पहिली कसोटी विमानातच लागते. पाय बराच काळ न हलवता लोंबकळत ठेवल्यास पोटरीच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते. चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर हा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात म्हटले आहे. निरोगी माणसांत तो दुप्पट होऊनही सुमारे सहा हजारांत एक इतकाच राहतो. परंतु पाय प्लास्टरमध्ये असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर मुळातला धोकाच वाढलेला असतो. मुंबई ते सिंगापूर हे उड्डाण सुमारे साडेपाच तासांचे आहे, हे येथे लक्षात घ्यावे. रक्त पातळ ठेवणारे औषध लागेल का, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन घेऊ नये. पोटरी दुखू लागली, एकाच पायाची सूज अचानक वाढली, धाप लागली किंवा छातीत दुखू लागले तर तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

नव्या प्लास्टरचा प्रश्न वेगळा आहे. विमानातील हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असल्याने प्लास्टरखाली अडकलेली हवा प्रसरण पावते, आणि पायाची सूज वाढल्यास प्लास्टर आवळते. म्हणून प्लास्टर घातल्यानंतर दोन तासांपर्यंतच्या उड्डाणासाठी २४ तास आणि त्याहून मोठ्या उड्डाणासाठी ४८ तास थांबावे, अशी ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाची सूचना आहे. त्याआधी प्रवास अटळ असल्यास प्लास्टरला उभी चीर देऊन घेतात. पायात धातूची पट्टी किंवा स्क्रू बसवले असतील तर शस्त्रक्रियेची कागदपत्रे जवळ ठेवावीत.

धक्का आणि पडाव

जहाजावर चढण्याची वाट धक्क्यावरून जोडलेल्या शिडीची किंवा उतरत्या पुलाची असते. तिचा चढ दिवसभर सारखा राहत नाही. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीमुळे पाण्याची पातळी चार ते पाच मीटरने बदलते. सकाळी सपाट वाटलेली वाट दुपारी उभी झालेली असू शकते.

याहून मोठा फरक बंदराबंदरांत असतो. गोव्यात मुरगाव बंदरात जहाज थेट धक्क्याला लागते. लक्षद्वीपची गोष्ट निराळी आहे. तेथील ३६ बेटांपैकी १० बेटांवर वस्ती असून बेटांभोवती प्रवाळाची कडा आणि उथळ पाणी आहे. मोठे पर्यटन जहाज बाहेर खोल पाण्यात उभे राहते आणि प्रवाशांना लहान नौकांतून किनाऱ्यावर नेले जाते. कोकणच्या बोटीने प्रवास केलेल्या जुन्या पिढीला हे नवे नाही. अनेक बंदरांत बोट दूर उभी राहत असे आणि प्रवाशांना पडावात उतरावे लागे. लाटेबरोबर पडाव वर आला की नेमक्या त्या क्षणी पाऊल टाकायचे, ही कला त्या पिढीला अवगत होती. आजच्या नौका अधिक सुरक्षित आहेत, हात द्यायला खलाशीही असतात. पण ते पाऊल अजूनही प्रवाशालाच टाकावे लागते. अनेक जहाज कंपन्या स्वतः काही पावले टाकू न शकणाऱ्या प्रवाशाला अशा नौकेत उतरू देत नाहीत, आणि समुद्र खवळलेला असल्यास नौका सोडतच नाहीत. त्यामुळे एकाच जहाजाची गोव्याची फेरी दुखावलेल्या पायाला सोयीची, तर लक्षद्वीपची अवघड ठरू शकते. कोणत्या ठिकाणी जहाज धक्क्याला लागते आणि कोठे लहान नौकेतून उतरावे लागते, हे आरक्षण करतानाच विचारावे.

लिफ्ट बंद असते तेव्हा

एरवी जहाजावर लिफ्टची सोय असते, त्यामुळे जिन्याचा प्रश्न अनेकांना गौण वाटतो. परंतु आग लागल्यास किंवा जहाज सोडण्याची वेळ आल्यास लिफ्ट वापरता येत नाही. प्रवाशाने जीवरक्षक जाकीट घालून जिन्याने ठरवून दिलेल्या जागी पोहोचावे, अशी अपेक्षा असते. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळून कलले आणि ३२ जणांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी जहाजात चढलेल्या अनेक प्रवाशांचा आपत्कालीन सराव तोपर्यंत झालेला नव्हता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलण्यात आले. १ जानेवारी २०१५ पासून हा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक आहे.

पाय दुखतो म्हणून हा सराव टाळण्याकडे कल असतो. वस्तुतः अशा प्रवाशालाच त्याची सर्वाधिक गरज असते. जहाजावर पोहोचताच आपल्या दुखापतीची नोंद स्वागतकक्षात करावी. आपत्काळी मदत लागणाऱ्या प्रवाशांची यादी कर्मचाऱ्यांकडे असते आणि त्यांना हलवण्याची व्यवस्था आधी आखलेली असते. संकोचापोटी न सांगणाऱ्याचे नाव त्या यादीत नसते. आपल्या खोलीपासून एकत्र जमण्याच्या जागेपर्यंतची वाट पहिल्याच दिवशी, जिन्याने, सोबत्यासह एकदा चालून पाहावी. कुबड्या असतील तर चढताना चांगला पाय आधी टाकावा आणि उतरताना दुखरा पाय आधी.

आरक्षण, विमा आणि हक्क

चाकांची खुर्ची नेता येईल अशा खोल्या प्रत्येक जहाजावर मोजक्याच असतात. त्यांची दारे रुंद असतात आणि न्हाणीघराला उंबरठा नसतो. साध्या खोलीत हा उंबरठा चांगलाच उंच असू शकतो आणि रात्रीच्या अंधारात तोच पायात येतो. चाकांची खुर्ची अनेक जहाजांवर केवळ चढण्या-उतरण्यापुरती मिळते. पूर्ण प्रवासासाठी हवी असल्यास स्वतःची न्यावी लागते. जगातील सर्वांत मोठ्या जहाजांची लांबी आता ३६५ मीटरपर्यंत गेली आहे. तेथे भोजनगृहापर्यंत जाणे हीच एक रपेट असते.

युरोपीय संघातील बंदरातून निघणाऱ्या प्रवाशांना एक हक्क आहे. १८ डिसेंबर २०१२ पासून लागू झालेल्या तेथील नियमावलीत तात्पुरत्या दुखापतीमुळे चालण्यास अडचण असलेल्यांचाही समावेश असून किमान ४८ तास आधी कळवल्यास त्यांना बंदरात आणि जहाजावर मदत मिळते.

विम्याच्या बाबतीत तारखांना महत्त्व असते. दुखापत झाल्यानंतर घेतलेल्या विम्यात सहसा तीच दुखापत वगळलेली असते. विमा आधीच घेतला असेल तर दुखापतीची माहिती कंपनीला लगेच लेखी कळवावी. प्रवास रद्द करण्याचे शुल्क सुटण्याची तारीख जवळ येईल तसे वाढत जाते, म्हणून निर्णय लांबणीवर टाकणे महागात पडते. जहाजावर डॉक्टर असतात आणि बहुतेक मोठ्या जहाजांवर क्ष-किरण यंत्रही असते. मात्र तेथील उपचारांचे शुल्क वेगळे द्यावे लागते आणि शस्त्रक्रियेसाठी किनाराच गाठावा लागतो.

जहाजावरचे दिवस

इतकी काळजी घेतल्यावर, समुद्रपर्यटन हा बऱ्या होत असलेल्या पायासाठी पुष्कळ सुखाचा प्रवास ठरू शकतो. सामान एकदाच उघडायचे असते, भोजन जवळ असते आणि रोज नवे गाव आपल्या खिडकीपाशी येते. दिवसातून काही वेळा पाय उंच ठेवून बसावे. प्लास्टर भिजू देऊ नये. फायबरचे प्लास्टर वरून कोरडे झाले तरी आतला कापूस ओलाच राहतो आणि त्वचा कुजते. वाळूचे कणही आत जाऊ देऊ नयेत. मधुमेह असलेल्यांनी रोज पावलाची तपासणी करावी. संवेदना कमी झालेल्या पायाला जखम झाली तरी दुखत नाही.

आता पुन्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. डॉक्टरांना ‘मी प्रवास करू शकेन का?’ असे विचारण्याऐवजी नेमके विचारावे : मी चार मजले जिन्याने चढू-उतरू शकेन का? हलत्या नौकेत एका पायावर भार देऊन पाऊल टाकू शकेन का? पाच-सहा तास विमानात बसणे माझ्यासाठी सुरक्षित आहे का? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर निःशंक मनाने निघावे. एखादे उत्तर नकारार्थी असेल तर बंदर बदलावे, खोली बदलावी किंवा तारीख पुढे ढकलावी. जहाजे पुढच्या मोसमातही सुटणारच आहेत. घाईने पुन्हा दुखावलेला घोटा मात्र पुढच्या अनेक प्रवासांत साथ सोडतो.