जूनचा हंगाम, जुलैचे फोन

वाकड-हिंजवडीकडे भाड्याच्या फ्लॅटचा हंगाम अक्षय तृतीयेला सुरू झाला असं धरायचं आणि शाळा उघडून आठवडा उलटला की संपला म्हणायचं. २०२५ मध्ये अक्षय तृतीया ३० एप्रिलला होती, राज्यातल्या बहुतेक शाळा १६ जूनला उघडल्या. तेवढ्या दिवसांत आमच्या टीमने जुना भाडेकरू बाहेर, नवा आत असे जितके फ्लॅट फिरवले, तितके एरवी सहा महिन्यांत फिरत नाहीत. टीम म्हणजे रंगारी काका आणि त्यांची दोन पोरं, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सफाईच्या मावशी आणि करारनाम्यांचं बघणारा एक मुलगा. चाव्यांची वही पाहिली तर सगळ्यांना शाबासकी द्यावी असं वाटतं. तारीख चुकलेले फ्लॅट फार थोडे.

पण वहीतून फक्त चावी कधी दिली ते कळतं. काम कसं झालं ते जुलैत येणाऱ्या फोनवरून कळतं. म्हणून यंदा हिशेबाला बसताना वहीशेजारी तक्रारींची यादी ठेवली आणि कोणाचं काम किती चांगलं याचा क्रम बराच उलटापालटा झाला.

सगळ्यात जास्त फोन रंगाचे. मात्र ते रंगारी काकांच्या नावावर टाकणं अन्यायाचं होईल. एरवी पुण्यात मान्सून जूनच्या दहा तारखेच्या आसपास येतो. यंदा तो २६ मे रोजीच दाखल झाला, आणि त्याआधीचा मे महिनाही वळवाने भिजवला होता. वर २६-२७ला अमावस्या. अमावस्येला घर सोडायला आणि नव्या घरात पाऊल टाकायला लोक राजी नसतात. त्यामुळे सगळी हलवाहलव २८ ते ३१ मे या चार दिवसांत येऊन आदळली. सोसायटीत सामानासाठी एकच लिफ्ट, तीही वेळ ठरवून. दुपारी ड्रिल चालवायचं नाही. जुन्या भाडेकरूचं कपाट खाली उतरेपर्यंत आमची माणसं डबे-ब्रश घेऊन पार्किंगमध्ये बसलेली. अशात ओलसर हवेत पुट्टी वाळणार कधी, त्यावर प्रायमर बसणार कधी? काका दोन-तीन ठिकाणी स्पष्ट म्हणाले होते, "भिंत दमट आहे, दोन दिवस थांबा." मालकाला एक तारखेचं भाडं दिसत होतं. बाथरूमच्या मागच्या भिंतीला जुलैत पोपडे आले ते याच फ्लॅटमध्ये.

प्लंबर वहीत सगळ्यात संथ दिसतो. एका फ्लॅटला इतरांच्या दीडपट वेळ घेतो आणि हंगामात त्याच्या नावाने सगळ्यांचीच कुरकुर चालू असते. तो काय करतो ते एकदा नीट पाहायला हवं. आमच्या भागात टँकर आणि बोअरचं जड पाणी. नळाच्या तोंडची जाळी क्षाराने बुजते. तो प्रत्येक जाळी काढून व्हिनेगरच्या मगमध्ये टाकतो. तोवर फ्लशची टाकी भरू देतो आणि भरल्यावर पाणी भांड्यात झिरपतंय का ते वाकून बघत बसतो. मग नहाणीत बादलीभर पाणी एकदम ओततो, कारण हळू सोडलेलं पाणी तुंबलेल्या ट्रॅपमधूनही निघून जातं. शेवटी सिंकखालच्या पाइपाला कोरडा कागद लावून ठेवतो आणि जाताना कागद ओला झालाय का ते पाहतो. त्याने केलेल्या फ्लॅटमधून जुलैत पाण्याचा जवळजवळ एकही फोन आला नाही.

इलेक्ट्रिशियन नेमका याच्या उलट. चपळ, बोलका, मालकांचा लाडका. गीझरचा लाल दिवा लागला की त्याच्या लेखी गीझर चालू. मेच्या उकाड्यात गरम पाणी कोणाला हवं असतं? पहिला गारठ्याचा पाऊस पडला तेव्हा कळलं, दिवा लागतो पण पाणी कोमटच येतं, कॉइलवर क्षाराचा जाड थर. माणूस हुशार आहे, काम येतं. पण वीस मिनिटं गीझर लावून हाताने पाणी पाहण्याइतका धीर त्याच्याकडे नाही, आणि आम्ही फ्लॅटमागे पैसे देतो तोवर तो येणारही नाही.

मावशींचं काम शेवटी. त्यामुळे आधीच्यांनी खाल्लेला वेळ त्यांच्याच वाट्यातून जातो. फरशीवरचे रंगाचे थेंब ब्लेडने खरवडताना त्यांना जे दिसतं ते कोणालाच दिसत नाही: ट्रॉलीमागची झुरळं, खिडकीच्या चॅनेलला बुजलेलं पाणी जायचं भोक, बाल्कनीच्या कोपऱ्यातली ओल. जुलैतल्या बऱ्याच तक्रारी त्यांनी जूनमध्येच पाहिल्या होत्या. मात्र व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकही मावशी नव्हती. कामाचा ग्रुप म्हणजे दादा लोकांचा, हे कोणी ठरवलं नव्हतं, तसं होऊन गेलं होतं.

करारनाम्यांच्या बाबतीत बोलण्यासारखं थोडंच. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५व्या कलमानुसार करार ११ महिन्यांचा असो वा ३६, नोंदणी करणं घरमालकाची जबाबदारी. तरी "अकरा महिन्यांचं आहे, नोटरी चालेल ना?" असं विचारणारे भेटतातच. परदेशातल्या मालकांना अंगठ्यासाठी इथे कोणी मुखत्यार लागतो, म्हणून आमच्या मुलाने त्यांच्या मागे एप्रिलपासूनच तगादा लावला. एकही करार त्याच्यामुळे अडला नाही.

आता बदल. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनला फ्लॅटमागे नाही, दिवसाचा दर. मावशींची एक फेरी अगदी आधी, रिकाम्या घरात, आणि त्यांनी सांगितलेलं ग्रुपवर टाकायचं. रंगाचं मात्र आमच्या हातात नाही. पावसाची तारीख कोण पाळणार! तरी पुढच्या वर्षी पंचांगाचीच मदत आहे. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. अधिकात घर बदलायला अनेक कुटुंबं नको म्हणतील, म्हणजे गर्दी १७ मेच्या आत येईल आणि भिंतींना ऊन मिळेल. मात्र अक्षय तृतीया १९ एप्रिलला, म्हणजे हंगाम चार आठवड्यांचाच. त्यासाठी रंगाऱ्यांची दुसरी जोडी मार्चच्या आत पक्की करावी लागेल. काकांनी शोध सुरू केला आहे, त्यांची अट एकच: दमट भिंतीवर रंग लावायला नाही म्हणू शकेल असा माणूस हवा.